चार रकान्यांची वही

७ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. बाबांना नमस्कार सांग आणि मोठ्यानं सांग, म्हणजे ऐकू जाईल.

डिसेंबरचे तुझे सहा फॉर्म मिळाले. त्यातले पाच बाद झाले. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलंय की रिकामा रकाना असलेला फॉर्म बाद धरला जाईल, आणि तू चौदापैकी दहा रकाने कोरे ठेवलेस. सहावा फॉर्म पूर्ण भरलायस, पण प्रतिसादाला किती सेकंद लागले या रकान्यात 'चहा गाळेपर्यंत' असं लिहिलंयस. ताई, हे मी कुणाला दाखवू?

पुन्हा एकदा सांगतो, कारण तूच पुढे गावाला सांगणार आहेस. आजचं इंटरनेट पत्त्यावर चालतं. साखर संपली की दर वेळी कारखान्याचा पत्ता शोधत जायचं आणि वाट बंद असेल तर चहा बिनसाखरेचा प्यायचा, अशातला प्रकार. आम्ही म्हणतोय, पत्ता विचारूच नका, वस्तू मागा. दारात उभं राहून 'साखर आहे का' म्हणा, ज्या शेजाऱ्याकडे असेल तो देईल. म्हणून तर गावात चार डबे बसवलेत: तुझ्या औषधांच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेत आणि मिस्त्रींच्या गॅरेजात. कुणी काही मागवलं की त्याची एक प्रत वाटेतल्या डब्यात राहते आणि पुढच्याला ती तिथूनच मिळते. खासगी कागदाचं कुलूप डब्याला नाही, त्या कागदालाच असतं, त्यामुळे प्रत कुठेही राहिली तरी ज्याचं कार्ड त्यालाच ती उघडता येते. आम्ही सहा जण अकरा वर्षं हेच करतोय. वीस मार्चला समिती ठरवणार आहे की हे पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं.

एवढं सगळं पणाला लागलेलं असताना तू डब्यावर फडकं टाकलंस. त्याचा हिरवा दिवा डोळ्यात जातो म्हणून. डबा तापतो, ताई.

आणि बाबांना आवर. गॅरेजच्या डब्यातून त्यांचा हृदयाचा कार्डिओग्राम गेल्या महिन्यात एकोणीस वेळा मागवला गेलाय. दवाखान्याच्या डब्यातून चार वेळा. गाव काय काय मागतं हे मोजायला आम्ही बसलोय आणि आकड्यांत पहिल्या नंबरवर बाबांचं हृदय. मोजमाप पार बिघडलं. मिस्त्रींना आणि डॉक्टरबाईंना सांग, दोन्ही डबे एकदा रिकामे करा, मागचं बटण दहा सेकंद दाबायचं. एवढंच काम आहे.

फोन करू नकोस. चाचणीबद्दलचं बोलणं चाचणीच्याच तारेवरून गेलं की मोजमापात मिसळतं, असा समितीचा नियम आहे. पत्रच लिही.

तुझा भाऊ


१३ जानेवारी

चि. शंकासुरास,

आशीर्वाद. लहानपणी तुला भात वाढला की 'तांदूळ शिजतो म्हणजे नक्की काय होतं' म्हणून विचारायचास आणि भात गार व्हायचा, तेव्हा हे नाव बाबांनी ठेवलं. अजून शोभतंय.

तुझं पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. साखरेचं सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा, तो वळसा बंद करायचा. एवढ्याला अकरा वर्षं लागली?" याचं उत्तर तूच दे.

आता फॉर्मचं. दुकानात समोर खोकणारं पोर, त्याची आई घाईत, मागे तीन माणसं, आणि मी 'मागणीचा प्रवर्ग' नावाच्या रकान्यात काय लिहायचं याचा विचार करतेय. ते मला जमणार नाही. मी आपली जुनी स्टॉकची वही घेतलीय, तिच्यात चार रकाने आखलेत. कोणी मागितलं, काय मागितलं, कुठून मिळालं, किती वेळ लागला. डब्याच्या पाटीवर कुठून आलं ते दिसतंच, तेवढं बघून लिहिते. शाळेतल्या बाई आणि मिस्त्रीही त्यांच्याकडचं चिठ्ठीवर लिहून आणून देतात. सेकंद मोजायला माझ्या हातात घड्याळ नसतं, गोळ्यांची पाकिटं असतात. फडकं काढलंय.

बाबांच्या कार्डिओग्रामचं असं आहे. गेल्या वर्षी शहरातल्या मोठ्या इस्पितळात काढला तेव्हा तिथला डॉक्टर म्हणाला, या वयात इतकी सुरेख रेघ मी पाहिली नाही. झालं. तेव्हापासून ते रोज सकाळी गॅरेजात जाऊन बसतात, खिशातलं कार्ड काढून तो आलेख पडद्यावर लावतात आणि गाडी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाला दाखवतात. परवा एका ट्रक ड्रायव्हरला दाखवला. तो बिचारा ब्रेक बघायला आला होता.

तुझा निरोप दोन्हीकडे पोचवला. डॉक्टरबाईंनी लगेच बटण दाबून डबा रिकामा केला, त्या शिस्तीच्या आहेत. मिस्त्री म्हणाला, "ताई, चालत्या मशिनीला मी हात लावत नाही. बिघडली की या."

बाबा विचारतात, तू कधी येणार. चार वर्षं झाली. मी सांगितलं, समिती झाली की. ते म्हणाले, ही कितवी समिती?

ताई


२१ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. वही चालणार नाही. फॉर्मच हवा हे मी पाचव्यांदा लिहितोय आणि पालथ्या घड्यावर पाणी पडतंय. वहीला क्रमांक नाही, नमुना नाही, त्यावर सही-शिक्का नाही. समितीतले तिघंही आयुष्यभर फॉर्मवर जगलेले लोक आहेत. त्यांच्यासमोर मी स्टॉकची वही ठेवली तर ते तिच्यात खोकल्याच्या बाटल्या मोजतील.

तुला कदाचित अंदाज नाही म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्या तीन गावांपैकी एकाने डबे परत पाठवले. दुसऱ्यात त्यांना मुंग्या लागल्या. राहिलं ते तुमचं. तुमच्याकडचे आकडे नीट आले तर काम पुढे चालेल. नाही आले तर वीस मार्चला खोलीची किल्ली द्यायची आणि सहा जणांनी सहा दिशांना जायचं. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. मला दुसरं काही येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही.

मिस्त्रींना समजावून सांग. चालत्या मशिनीचा प्रश्न नाही, ती भरलेली मशीन आहे. त्यांच्या डब्यात बाबांच्या आलेखासारखं कितीतरी फुकटचं साचलंय. दहा सेकंद बटण दाबायला काय जातं? मी स्वतः असतो तर केव्हाच दाबलं असतं.

बाबांना सांग, ही चौथी समिती. आणि शेवटची. मग येतो.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,

आशीर्वाद. 'मी स्वतः असतो तर' हे तुझं वाक्य मी मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग या म्हणावं." आणि परत गाडीखाली गेला. मी गाडीखालच्या माणसाशी किती वाद घालणार? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे शेळ्याही आम्हीच आणि उंटही आम्हीच.

फॉर्म भरतेय. रोज संध्याकाळी वहीतून उतरवते. 'मागणीचा प्रवर्ग' या रकान्यात आता सरसकट 'गरज' असं लिहिते, चालतंय का बघ. वही मात्र बंद करणार नाही, तिची मला सवय झालीय.

डॉक्टरबाई मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने रजेवर गेल्या. त्यांच्या जागी बदलीवर एक तरुण डॉक्टरीण आलीय. नीटस आहे, पण गावातलं कुणी तिच्या ओळखीचं नाही, त्यामुळे प्रत्येकाला पहिल्यापासून विचारते. बाबांनी तिला पहिल्याच दिवशी कार्डिओग्राम दाखवायचा घाट घातला होता. ती म्हणाली, "आजोबा, दुखत असेल तेव्हा या." तेव्हापासून ते तिच्यावर नाराज आहेत.

तू जेवतोस का वेळेवर? हे बाबांनी विचारलंय. मी विचारलं नसतं.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

हे काय केलंस तू?

आठ तारखेला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी इथल्या पडद्यावर तुमचे चारही दिवे लाल झाले ते थेट सोळा तारखेला संध्याकाळी हिरवे झाले. नऊ दिवस. अख्खं ठिकाण मेलेलं. त्या आधीच्या आठवड्यात मी आमच्या गटप्रमुख सरांना छातीठोक सांगितलं होतं की तुमच्याकडचे डबे एकदाही बंद पडलेले नाहीत. आता नियमाप्रमाणे तो अहवाल आपोआप समितीकडे गेलाय. त्यात तुमच्या गावापुढे एकच शब्द आहे: निकामी.

चारही एकाच मिनिटाला बंद पडतात म्हणजे कुणीतरी ते बंद केलेत. आधी फडकं, मग वही, मग मिस्त्रींचे नखरे. आता सगळ्यांनी मिळून प्लगच काढले का? दिवा डोळ्यात जात होता? खरं काय ते लिही, मी आता रागावणारही नाही, रागवायची ताकद राहिली नाही. सर काल दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आमच्यातल्या दोघांनी दुसरीकडे अर्ज केलेत.

तुला माझं काम कधी काम वाटलंच नाही, हे मला ठाऊक आहे. तू चौदाव्या वर्षापासून दुकान सांभाळलंस आणि मी शिकत राहिलो, हे तू बोलून दाखवत नाहीस पण मला ऐकू येतं. निदान प्लग तरी ठेवायचास.

भाऊ


२४ फेब्रुवारी

चि.,

तुझं पत्र वाचलं. चारदा वाचलं. पहिल्यांदा उत्तर लिहिलं ते फाडलं, कारण ते बाबांच्या हाती पडलं असतं तर त्यांनी मला या वयात ओरडा दिला असता.

कुणीही प्लग काढलेला नाही. आठ तारखेला इथून अकरा किलोमीटरवर रस्ता खणणाऱ्या मशीनने केबल तोडली. गावात येणारी केबल एकच, फोनचा टॉवरही तिच्यावरच. रस्तेवाले म्हणाले केबल आमची नाही, केबलवाले म्हणाले खड्डा आमचा नाही. त्या वादात नऊ दिवस गेले. तेवढे दिवस गावात बाहेरचा फोन नाही, काही नाही. फक्त बस येत होती आणि तिच्यातून पोस्टाची पिशवी.

आणि तुझे डबे चालू होते. ऐक नीट, चालू होते. छपरावरचे चार अँटेना एकमेकांशी बोलत होते, त्यांना केबलशी काय देणंघेणं? शाळेतल्या बाईंना परीक्षेचे जुने पेपर मिळाले. मिस्त्रीला इंजिनाचा नकाशा मिळाला. मला औषधांच्या मात्रांचं पुस्तक मिळत होतं. लोक तर दुसऱ्या दिवसानंतर केबल तुटलीय हे विसरले. जे कुणी ना कुणी आधी मागवलेलं होतं ते सगळं गावातच होतं. हे सगळं तूच मला जानेवारीत साखर घेऊन समजावलं होतंस. मला समजलं. तुला समजलं का?

मग 'निकामी' हे कुणी ठरवलं? तुझे दिवे लाल कशानं झाले? डबे हजेरी द्यायला तुमच्या हापिसात येत होते ना, त्याच तुटक्या केबलवरून? म्हणजे शेजाऱ्याकडून साखर आणायला शिकवलंत, आणि ती मिळाली का हे विचारायला माणूस कारखान्यात पाठवलात. शिकलेल्या माणसांनी. सहा जणांनी.

त्या नऊ दिवसांचे फॉर्म मी भरलेले नाहीत. वेळ नव्हता. वही भरलीय. ती रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. आठ तारखेपासूनची पानं दुमडून ठेवलीत. ओळ न ओळ वाच. मला दुकानाबद्दल काय वाटतं आणि तुझ्या शिक्षणाबद्दल काय वाटतं ते तुला न विचारता ऐकू येतं ना, मग हे तर लिहिलेलंच आहे.

बाबा झोपलेत.

ताई


३ मार्च

ती. ताईस,

वही परवा आली. हजेरीबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे. डबे आपली नोंद स्वतःजवळ ठेवू शकले असते. तीन वर्षांपूर्वी आमच्यात त्यावर वाद झाला होता. डब्यात जागा जाते, नोंद फक्त इथे मुख्यालयात ठेवू, असा हट्ट एकानं धरला आणि तो जिंकला. तो मी होतो.

सरांच्या टेबलावर वही उघडून आम्ही सगळे वाचायला बसलो. मी मोठ्यानं वाचत होतो. पाववाल्याची सून, तापाच्या औषधाची मात्रा, दुकानाच्याच डब्यातून, शिंक येईपर्यंत. सगळे हसत होते. अकरा वर्षांत त्या खोलीत असं हसू मी ऐकलं नव्हतं. दोनशे सहा ओळी, आणि एकशे नव्वद वेळा वस्तू गावातच मिळालेली. ज्याचं आम्ही फक्त गणित मांडलं होतं ते तू गोळ्या मोजता मोजता लिहून ठेवलंस.

मग बारा तारखेचं पान आलं.

कोणी मागितलं: मी. काय मागितलं: बाबांचा मागच्या वर्षीचा कार्डिओग्राम. कुठून मिळालं: दवाखान्यात नाही, दुकानात नाही, शाळेत नाही. गॅरेजच्या डब्यातून. किती वेळ लागला: बाबांचा हात धरला होता तो पुन्हा धरेपर्यंत.

पुढची ओळ शाळेच्या वेळापत्रकाची होती. मला ती वाचता आली नाही. सरांनी वही माझ्या हातून घेतली.

लगेच फोन केला. नियम गेला खड्ड्यात. फोन बाबांनी उचलला. "कोण? डब्याचं काम आहे का? ताई दुकानात आहे," म्हणाले आणि ठेवून दिला. आवाज बारीक वाटला. पुन्हा केला तर उचललाच नाही.

ताई, तो डबा रिकामा करा म्हणून मी दोनदा लिहिलं होतं. फुकटचं साचलंय असं लिहिलं होतं. मी असतो तर बटण दाबलं असतं, असंही लिहिलं होतं. ती पत्रं तुझ्याकडे असतील तर जाळून टाक. नको, ठेव.

काय झालं होतं ते सगळं सांग. आणि मला का कळवलं नाहीस? बस येत होती, पोस्ट येत होतं, मग काय झालं होतं तुला? दहा तारखेचं तिकीट मिळालंय, निघतोय.

भाऊ


८ मार्च

चि. शंकासुरास,

निघू नकोस. हे पत्र पोचेपर्यंत निघालास तर नाइलाज, पण बाबांचा निरोप फोनवरून पाठवलाय तो मिळाला असेलच. मी मुद्दाम पोस्टमास्तरांकडून पाठवला, तुला तेवढाच धाक.

बारा तारखेला सकाळी ते गॅरेजात नेहमीच्या बाकावर बसले होते. घाम आला, डावा हात जड झाला. मिस्त्रीनं त्यांना हातगाडीवर घालून दवाखान्यात आणलं आणि मला बोलावलं. त्या पोरीनं कार्डिओग्राम काढला. रेघ वाकडी होती. ती म्हणाली, "हे आत्ताचं आहे की यांची रेघ जुनीच अशी आहे, ते मला कळायला हवं. आत्ताचं असेल तर रक्ताची गाठ विरघळवणारं जोरकस इंजेक्शन द्यावं लागेल. नसेल आणि दिलं, तर यांच्या वयाला रक्तस्राव होऊ शकतो." शहरातल्या इस्पितळाला विचारायची सोय नव्हती. दवाखान्याच्या डब्यात काही नव्हतं, तो तुझ्या सांगण्यावरून रिकामा होता. मी बाबांच्या खिशातून कार्ड काढलं. आलेख गॅरेजातून आला. सरळ, सुरेख रेघ, ज्याला त्याला दाखवलेली. तिनं दोन्ही शेजारी ठेवले आणि इंजेक्शन दिलं. मग मिस्त्रीच्या गाडीतून मोठ्या इस्पितळात. सहा दिवसांनी घरी आलो, तोवर वही शाळेतल्या बाईंनी सांभाळली.

त्या पानावरची ती ओळ मी दवाखान्यातच लिहिली. का, ते विचारू नकोस. हाताला काहीतरी काम हवं होतं.

कळवलं नाही, कारण शुद्धीवर आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य होतं, "समिती होईपर्यंत त्याला कळू देऊ नकोस." मी हो म्हटलं. मग तुझं ते एकोणीस तारखेचं पत्र आलं. तेव्हा मनात आलं, लिहावं सगळं आणि बघावं याचं तोंड. पण वचन दिलं होतं. वही पाठवायची नाही असं काही वचन दिलं नव्हतं.

दुकानाचं म्हणशील तर, हो, मलाही शिकायचं होतं. तुझ्यावर राग नाही. पण ते तुझ्या कामाच्या आड आणू नकोस. आमच्या गावात तुझं काम एका माणसाला तरी पुरतं कळलंय, आणि तो गाडीखाली असतो.

समितीपुढे उभा राहा. नीट उभा राहा. मग ये.

ताई


२३ मार्च

ती. ताईस,

बाबांना साष्टांग नमस्कार.

एक वर्ष मिळालं. काम चालू राहणार.

सविस्तर सांगतो. अध्यक्षांनी आधी वहीला हात लावायला नकार दिला. क्रमांक नाही, म्हणाले. सर म्हणाले, मग तोंडी ऐका. मी वाचायला लागलो. बारा तारखेच्या ओळीवर या वेळी थांबलो नाही, पुढचं शाळेचं वेळापत्रकही वाचलं. मग अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हा चौथा रकाना सेकंदांत का नाही?" मी म्हटलं, "लिहिणारीचा हात मोकळा नव्हता."

आता गंमत ऐक. त्यांनी तुझ्या वहीचा फॉर्म केलाय. फॉर्म क्रमांक पंधरा. चौदा रकान्यांचा जुना फॉर्म रद्द. नव्यात तुझेच चार रकाने, शब्द न् शब्द तुझाच, आणि खाली तीच ओळ की रिकामा रकाना असलेला फॉर्म बाद धरला जाईल. शंभर कोऱ्या प्रती सोबत पाठवतोय. पहिली तूच भर. डबेही आता आपली नोंद स्वतः ठेवणार, आणि रिकामं करायचं बटण काढून टाकलंय.

येण्याचं म्हणशील तर मी परवाच निघणार होतो, पण समितीनं आणखी सात गावं गळ्यात मारलीत आणि ती मेअखेर उभी करायची आहेत. माणसं सहाच. एप्रिलच्या शेवटी एक आठवडा मोकळा दिसतोय. बहुतेक जमेल. नाहीतर जूनमध्ये नक्की. बाबा आता बरे आहेत हे ऐकून जिवात जीव आला. त्यांना म्हणावं, नवा कार्डिओग्रामही गॅरेजात लावून ठेवा, हवा तितक्या वेळा.

तुझा भाऊ


२९ मार्च

चि. शंकासुरास,

आशीर्वाद. वर्ष मिळालं हे ऐकून बरं वाटलं. मिस्त्रीला सांगितलं, तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसला आणि परत आत गेला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

फॉर्मचा गठ्ठा मिळाला. माझ्याच वहीचा फॉर्म करून मलाच भरायला पाठवलात. तुमच्यापुढे हात टेकले.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. 'बहुतेक' आणि 'नाहीतर जूनमध्ये' हे मी गाळणार होते, पण ज्याचे कान जातात त्याला नेमकं नको ते ऐकू येतं. जेवण झाल्यावर त्यांनी गठ्ठ्यातला पहिला कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि दुकानाच्या बाकावर बसून स्वतः भरला. अक्षर थोडं हललंय. तुम्हाला पहिला नमुना हवा होता, तो सोबत पाठवतेय. इथे उतरवतेही, कारण मूळ कागद समितीकडे गेला तर तुझ्याकडे प्रत हवी.

कोणी मागितलं: बाप.

काय मागितलं: मुलगा.

कुठून मिळालं: दुकानात नाही, दवाखान्यात नाही, शाळेत नाही, गॅरेजातही नाही. याची प्रत जवळ कुठेच नाही. एकच आहे आणि ती लांब आहे.

चौथा रकाना त्यांनी कोरा ठेवलाय. मी म्हटलं, बाबा, रिकाम्या रकान्याचा फॉर्म बाद होतो. ते म्हणाले, "ठाऊक आहे. तो त्यानं येऊन भरायचाय."

ताई